लाल कागदावरची जन्मवेळ



या सदरात आपण खते, बियाणे, कीड आणि पाणी यांबद्दल बोलतो. आज विषय वेगळा घेतला आहे. चीनमधून परदेशी आईबापांनी दत्तक नेलेल्या लेकरांचा, आणि त्या लेकरांच्या निमित्ताने त्यांना कळलेल्या तिथल्या बालसंगोपनाच्या रीतीभातींचा. कोणी म्हणेल, "साहेब, आमच्या कांद्याचे बोला, चीनचे आम्हाला काय?" त्याला उत्तर एवढेच की, यांतली पुष्कळ लेकरे शेतकऱ्यांच्या घरची होती, आणि पुष्कळशा मुलीच होत्या. ज्या कारणांनी त्या घराबाहेर गेल्या, ती कारणे आपल्या उंबऱ्यालाही अनोळखी नाहीत.

मी काही चीनला जाऊन आलेलो नाही. पण या आईबापांनी लिहून ठेवलेले अनुभव आणि अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत फिरून केलेली पाहणी वाचनात आली. ती आपल्या घरातल्या बायामाणसांनी जरूर ऐकावी अशी आहे.

लेक का सोडली गेली?

चीनच्या सरकारने १९८० च्या सुमारास एका जोडप्याला एकच मूल असा दंडक देशभर लागू केला. खेड्यांतून त्याला फार विरोध झाला. शेतीत हात लागतात, आणि म्हातारपणी बघणार कोण हा प्रश्न असतोच. तेव्हा १९८४ पासून बऱ्याच प्रांतांत खेड्यांपुरती सवलत देण्यात आली. पहिली मुलगी असेल तर काही वर्षांनी दुसरे मूल होऊ द्यायचे. म्हणजे पहिल्या लेकीला घरात जागा होती. दुसऱ्या वेळीही मुलगीच झाली, तर मात्र मुलासाठीची शेवटची संधी संपली. जास्तीच्या मुलाला दंड पडे, आणि तो कधी कधी घराच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाइतका असे. दंड भरला नाही तर मुलाची नोंद होत नसे. नोंद नाही म्हणजे शाळा नाही, दवाखाना नाही.

आता शेतकऱ्याची बाजू पाहा. तिथेही लग्न झाले की मुलगी नवऱ्याच्या गावी जाते. आपण 'परक्याचे धन' म्हणतो. त्यांच्याकडे म्हणतात, दिलेली लेक म्हणजे अंगणात ओतलेले पाणी, ते परत भांड्यात येत नाही. म्हाताऱ्या आईबापांना मुलगा आणि सून सांभाळणार. खेड्यांतल्या म्हाताऱ्यांसाठी सरकारी पेन्शनची मोठी योजना २००९ साली सुरू झाली. तोवर मुलगा हीच पेन्शन आणि मुलगा हीच काठी.

मुलींच्या नावांतही हे उमटले. चीनच्या खेड्यांत 'चाओदी' आणि 'लायदी' अशी नावे सापडतात. पहिल्याचा अर्थ 'धाकट्या भावाला बोलाव', दुसऱ्याचा 'धाकटा भाऊ येऊ दे'. पोरीला हाक मारायची, आणि त्या हाकेतून वाट पाहायची दुसऱ्याची.

टाकलेली, पण कशी?

अशा मुली पहाटेच्या अंधारात सोडल्या जात. बाजारपेठेत, दवाखान्याच्या दारात, पोलीस चौकीजवळ, अनाथालयाच्या फाटकापाशी, पुलावर. म्हणजे जिथे उजाडताच माणसांची वर्दळ होईल अशी जागा शोधून. बाळ जाड दुपट्यात गुंडाळलेले असे. कधी सोबत दुधाची बाटली, दुधाच्या भुकटीचा पुडा, थोडे पैसे. आणि पुष्कळदा अंगावरच्या कपड्यात खोचलेली एक चिठ्ठी, बहुधा लाल कागदाची. त्यावर जन्माची तारीख आणि वेळ लिहिलेली.

ही वेळ कशासाठी? चीनमध्ये माणसाची पत्रिका जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ या चार गोष्टींवरून मांडतात. लग्न जुळवताना ती पाहण्याची जुनी रीत आहे. ज्या आईला लेक ठेवता आली नाही, तिने जन्मवेळ लिहून लेकीचे भविष्य तेवढे तिच्या हाती दिले. लाल रंग तिथे शुभ. सोडताना देखील शुभ रंगाचा कागद निवडला.

मूल टाकणे हा चीनमध्ये गुन्हाच होता आणि आहे. त्याचे समर्थन करायचे नाही. पण टाकणारा तो दगडाच्या काळजाचाच असला पाहिजे, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. ते मात्र खरे नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. के जॉन्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी चीनच्या खेड्यांत बरीच वर्षे पाहणी केली. त्यांनी स्वतः १९९१ साली चीनमधून एक मुलगी दत्तक घेतली होती. त्यांना असे दिसले की, सोडलेल्या कितीतरी मुली गावातल्याच किंवा शेजारच्या गावातल्या शेतकरी घरांनी उचलल्या होत्या. ज्यांना मुलगेच होते, त्यांना घरात लेक हवी होती. एक मुलगा, एक मुलगी असली म्हणजे घर भरले, अशी तिथली जुनी समजूत आहे. म्हणजे मुलगी कोणाला नकोच होती असे नव्हे. पण १९९२ साली लागू झालेल्या दत्तक कायद्याने दत्तक घेणारा पस्तिशीच्या पुढचा आणि निपुत्रिक असावा अशी अट घातली. घरी मूल असलेल्या शेतकऱ्याला दारात सापडलेली मुलगी ठेवून घेणे अवघड झाले. काहींनी लपवून ठेवली, काहींनी दंड भरला, काहींच्या हातून ती काढून घेतली गेली. अट १९९९ पासून काहीशी सैल झाली आणि वय तीसवर आले. तोवर अनाथालये भरून गेली होती.

सातासमुद्रापारचे आईबाप

त्याच १९९२ च्या कायद्याने परदेशी माणसांना चीनमधून मूल दत्तक घेण्याची वाट रीतसर मोकळी झाली. अमेरिका, कॅनडा, स्पेन, नेदरलँड्स, स्वीडन अशा देशांतून अर्ज येऊ लागले. पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत १,६०,००० हून अधिक मुले बाहेरदेशी गेली. त्यांतली सुमारे ८२,००० एकट्या अमेरिकेत. २००५ साली सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ७,९०० मुले त्या एका वर्षात अमेरिकेत पोहोचली.

रीत अशी होती. कागदपत्रे पेकिंगच्या सरकारी दत्तक केंद्राकडे जात. महिनेच्या महिने वाट पाहावी लागे, पुढे पुढे तर वर्षानुवर्षे. मग एक दिवस एक छोटा फोटो, तब्येतीचा कागद आणि अनाथालयाने ठेवलेले नाव हाती येई. त्यानंतर आईबाप विमानाने चांगशा, नानचांग, नाननिंग अशा एखाद्या प्रांताच्या राजधानीत येत. तिथल्या कचेरीत किंवा हॉटेलात अनाथालयातल्या बाया मुले घेऊन येत. नाव पुकारले की बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. अमेरिकन लोकांना पुढे ग्वांगझू शहरात जावे लागे, कारण मुलांचा व्हिसा तिथल्या वकिलातीतून मिळे. म्हणून त्या शहरात गोऱ्या आईबापांच्या कडेवर काळ्याभोर केसांची चिनी बाळे हे दृश्य अनेक वर्षे नेहमीचे होते.

अनाथालयात मुलांना सांभाळणाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'आई'सारखा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ मावशी. आपणही दवाखान्यातल्या नि शाळेतल्या बाईला मावशीच म्हणतो. बाळ मावशीकडून आईकडे येई, तेव्हा आठ-दहा महिन्यांचे ते पोर किंचाळून रडे. कोणी दोन-दोन दिवस रडत. कोणी एकदम गप्प होऊन भिंतीकडे पाहत राहत. नव्या आईला वाटे, आपले काही चुकले का? चुकलेले काही नसे. बाळाचे ओळखीचे सगळे जग एका तासात सुटलेले असे. वास वेगळा, आवाज वेगळा, बोली वेगळी, दुधाची चवसुद्धा वेगळी.

थरावर थर

आता रीतीभातींकडे येऊ. पहिला धक्का कपड्यांचा. आईबाप बाळाचे कपडे काढू लागत, तर आत दुसरा सदरा, त्याच्या आत तिसरा, मग कापूस भरलेला अंगरखा. सोलता सोलता कांद्याची आठवण व्हावी. थंडी असो वा नसो, बाळाला ऊब हवी ही तिथली पक्की समजूत. पोट उघडे राहता कामा नये, म्हणून पोटावर बांधायचा लाल चौकोनी रुमाल असतो. परदेशी आई बाळाला पातळ झबले घालून रस्त्याने निघाली, की कुठून तरी एखादी आजीबाई पुढे येणारच. विचारणार नाही, सवरणार नाही, सरळ बाळाची विजार खाली ओढून पाऊल झाकणार आणि आईला चार शब्द सुनावणार. भाषा कळली नाही तरी रागावणे कळतेच.

पुष्कळ परदेशी बायांना आधी याचा राग येई. त्यांच्या देशात परक्याच्या मुलाला कोणी हात लावत नाही. नंतर त्यांच्या लक्षात आले की, ज्या देशात हे मूल नकोसे झाले असे आपण समजत होतो, त्याच देशातली रस्त्यावरची आजी त्याला वारा लागू नये म्हणून भांडते आहे. आपल्या वाचक भगिनींना हे समजावून सांगायला नको. कुंची, कानटोपी, "वारं लागेल गं लेकराला", हे सगळे आपल्याकडचेच. मात्र उन्हाळ्यात बाळाला फार गुंडाळू नये. मानेला घाम दिसला की एक कपडा कमी करावा, हे दोन्ही देशांतल्या आज्यांना सांगायला हवे.

पाणी, दूध आणि शू

दुसरी रीत पाण्याची. चीनमध्ये लहानथोर सगळे उकळलेले पाणी पितात, आणि तेही कोमट किंवा गरम. घरोघरी आणि हॉटेलच्या खोलीतही गरम पाण्याची सोय असते. थंड पाण्याने पोट बिघडते ही जुनी समजूत, आणि उकळल्याने रोगजंतू मरतात हे नवे शास्त्र. दोन्हींची गाठ बरोबर पडली. अनेक अनाथालयांत बाळांच्या बाटलीतले दूधही चांगले गरम असे, त्यात तांदळाचे पीठ शिजवून घातलेले असे आणि बाटलीच्या बोंडाचे भोक मोठे केलेले असे. एका मावशीकडे बरीच मुले, तेव्हा प्रत्येकाने पटपट प्यावे हा हिशेब. नव्या आईने बेताच्या कोमट दुधाची, बारीक भोकाची बाटली दिली की बाळ तोंड फिरवी. ज्यांनी मावशीला विचारून घेतले त्यांची बाळे लवकर प्याली. पातळ भाताची पेज ही तिथल्या बाळाची पहिली घाटी. आपल्याकडेही भाताची पेज किंवा नाचणीची आंबील आहेच.

तिसरी रीत पाहून परदेशी लोक थक्क होत. चिनी बाळाची विजार मधून उघडी असते. लंगोट नाही, दुपटे नाही. बाळ खाली बसले की कपडा आपोआप फाकतो. आजी बाळाच्या मांड्या धरून त्याला उचलते, नालीवर किंवा झाडाच्या बुंध्याशी धरते आणि तोंडाने 'शू-शू' असा आवाज करते. काही महिन्यांत बाळाला आवाज आणि काम यांची सांगड कळते. आपल्या घरात आजी दोन्ही पावलांवर बाळाला बसवून 'शू-शू' करते, ती हीच विद्या. कागदी लंगोट चीनच्या शहरांत नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी पसरू लागले. खेड्यांत उघडी विजार पुढेही चालू राहिली.

धान्याची उशी आणि वाळूची पिशवी

चौथी रीत उशीची. उत्तर चीनमध्ये बाळाचे डोके मागून चपटे व्हावे, ते देखणे दिसते, अशी जुनी आवड. त्यासाठी बारीक भरडधान्य भरलेली घट्ट उशी डोक्याखाली देत. आपल्याकडे मोहरीची उशी देतात ती डोके गोल व्हावे म्हणून! उशी तीच, धान्य भरलेली. आवड मात्र उलटी. आजचे डॉक्टर सांगतात की पहिल्या वर्षात बाळाला उशीच नको. सपाट अंथरुणावर उताणे निजवावे.

सगळ्याच जुन्या रीती चांगल्या असतात असे मी म्हणणार नाही. उत्तर चीनमध्ये पिवळ्या नदीच्या काठच्या काही भागांत बाळाला वाळूच्या पिशवीत ठेवण्याची रीत होती. नदीची मऊ वाळू चाळून, तापवून, कोमट करून कापडी पिशवीत भरायची आणि बाळाला कमरेपर्यंत तिच्यात निजवायचे. वाळू ओल शोषून घेते, रोज बदलली की झाले. आईला शेतावर जायचे असे, लंगोट धुवायला वेळ आणि पाणी नसे. पण बाळ वर्ष-दीड वर्ष तसेच पडून राही. कोणी उचलायचे नाही, बोलायचे नाही, रांगायला जागा नाही. संशोधकांनी अशा मुलांची तपासणी केली तेव्हा ती बुद्धीच्या वाढीत मागे पडल्याचे आढळले. बाळाला अन्नाइतकेच बोलणे, हसणे आणि अंगाखांद्यावर खेळणे लागते, याचा हा धडधडीत पुरावा. बांधावरच्या झोळीत बाळ ठेवून कामाला लागणाऱ्या आपल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. झोळीजवळ कोणीतरी बोलणारे असावे, आणि अधूनमधून पोर खाली चटईवर सोडावे.

हीच उणीव अनाथालयांतही होती. नव्वदीच्या दशकात तिथे पैसा कमी, माणसे कमी, मुले फार. अनेक मुले दगावली, आणि त्यावर जगभर टीका झाली. जेनी बोवेन या अमेरिकन बाईंनी १९९७ साली चीनमधून मुलगी दत्तक घेतली. मुलगी सुरुवातीला बाहुलीसारखी निश्चल असे. घरात माया मिळताच वर्षभरात ती खेळती झाली, हे पाहून त्यांनी १९९८ साली 'हाफ द स्काय' ही संस्था काढली. नाव घेतले ते माओच्या काळातल्या प्रसिद्ध घोषवाक्यावरून, की अर्धे आकाश बायकांनी पेलले आहे. संस्थेचे काम साधे होते. गावातल्याच बायांना शिकवायचे आणि अनाथालयात नेमायचे. प्रत्येकीकडे थोडीच बाळे, आणि त्यांना उचलायचे, बोलायचे, गाणे म्हणायचे. पुढे चीन सरकारनेही या कामाला साथ दिली.

महिना, लाल अंडी आणि वाघाचे बूट

बाळंतिणीचा तिथे पुरा महिना पाळतात. थंड पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्यात जायचे नाही. कोंबडीचा रस्सा, अंडी, आले, लाल साखर आणि भरडधान्याची पेज खायची. आपला सव्वा महिना, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर याचीच ही दुसरी आवृत्ती. महिना भरला की बाळाचे जावळ काढतात. काही घरांत त्या केसांचा लिहिण्याचा कुंचला करवून घेतात, पोर विद्वान व्हावे म्हणून. पाहुण्यांना लाल रंगवलेली अंडी वाटतात. शंभराव्या दिवशी पुन्हा सोहळा. पहिल्या वाढदिवशी बाळापुढे पुस्तक, कुंचला, नाणे, हिशेबाची चौकट अशा वस्तू मांडतात. बाळ जे उचलील तो त्याचा पुढचा धंदा. आपल्याकडेही काही घरांत उष्टावणाच्या वेळी हा खेळ होतो.

बाळाच्या पायात वाघाच्या तोंडाचे कापडी बूट घालतात. मोठे डोळे, मिशा, कान, सगळे भरतकामाने काढलेले. वाघ पाहून वाईट शक्ती पळतात. गळ्यात चांदीचे कुलूप, जीव शरीरात कुलूपबंद राहावा म्हणून. आपल्याकडे गळ्यात वाघनख, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या, गालाला तीट. मुलगा जगावा म्हणून त्याला 'कुत्र्याचे उष्टे' अशा अर्थाचे नाव ठेवण्याचीही रीत होती. आपले दगडू, धोंडू, केरबा याच पंगतीतले.

दत्तक मुलींना यांतले पुष्कळ मिळाले नाही. त्यांचा महिना कोणी केला नाही, अंडी कोणी वाटली नाहीत. म्हणून कित्येक परदेशी आईबापांनी घरी गेल्यावर लाल अंड्यांचा सोहळा उशिराने केला. ग्वांगझूच्या दुकानांतून वाघाचे बूट विकत नेले, चालताना चूं-चूं वाजणारे बूट नेले. चीनमध्ये एक जुनी कथा आहे, की ज्यांची लग्नगाठ पडायची असते त्यांच्या पायांना एक म्हातारा देव जन्मतःच लाल दोरा बांधून ठेवतो. या आईबापांनी तो दोरा आपल्या आणि लेकीच्या मध्ये आहे असे मानले.

मुळाभोवतीची माती

आता माझ्या खात्यातली गोष्ट सांगतो. झाडाचे रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावताना मुळे झटकून कोरडी केली, तर जमीन कितीही कसदार असो, रोप मान टाकते. मुळाभोवती जुन्या जागेच्या मातीचा गोळा राहू दिला तर तेच रोप आठ दिवसांत तरारते. नव्या मातीची चव त्याला हळूहळू लागते.

या आईबापांपैकी ज्यांना हे उमगले त्यांनी मावशीला विचारले, बाळ कोणत्या कुशीवर झोपते, दूध किती गरम लागते, कोणत्या हाकेला वळून पाहते. काही दिवस तसेच केले. जाड कपडे एकदम काढले नाहीत, एकेक थर कमी केला. जुने नाव टाकून न देता नव्या नावाच्या पाठीशी ठेवले. ज्या रीती त्यांना आधी अडाणी वाटल्या, त्याच बाळाच्या मुळाभोवतीची माती होत्या. कोणत्याही घरात बाहेरून मूल येवो, भावाचे येवो, बहिणीच्या माघारी येवो, की संस्थेतून येवो, हा नियम सारखाच लागू आहे.

दार बंद झाले

या कथेला एक काळी बाजू आहे, ती न सांगणे लबाडी होईल. परदेशी आईबाप अनाथालयाला देणगी देत. पैसा आला तिथे लोभ आला. २००५ साली हुनान प्रांतातल्या हेंगयांग भागात अनाथालयांनी दलालांकडून मुले विकत घेतल्याचे प्रकरण उघड झाले. २०११ साली चिनी पत्रकारांनी त्याच प्रांतातल्या लोंगहुई तालुक्याची हकिकत छापली. दंड भरता न आलेल्या शेतकऱ्यांची मुले अधिकाऱ्यांनी उचलून नेली होती आणि कागदोपत्री ती 'बेवारस' दाखवली होती. परदेशी आईबापांना हे कळले तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आपली लेक सोडलेली होती की हिरावलेली, हा प्रश्न त्यांना आयुष्यभराचा लागला.

दरम्यान चीन पालटला. मुलींचे प्रमाण घटले होते. २०१० च्या जनगणनेच्या सुमारास दर शंभर मुलींमागे सुमारे ११८ मुलगे जन्मत होते. १ जानेवारी २०१६ पासून दोन मुलांची मुभा मिळाली, २०२१ साली तीन मुलांची. अनाथालयांत धडधाकट मुली उरल्या नाहीत. पुढची बहुतांश दत्तक मुले आजारी किंवा अपंग होती आणि त्यांत मुलगेही बरेच होते. ५ सप्टेंबर २०२४ रोजी चीन सरकारने जाहीर केले की, जवळच्या रक्ताच्या नात्यातले किंवा सावत्र मूल सोडून परदेशी दत्तक यापुढे बंद.

ज्या मुली गेल्या त्या आता वीस-तीस वर्षांच्या बाया झाल्या आहेत. काहींनी रक्त-लाळेच्या तपासणीवरून जन्मदाते शोधले. चीनच्या खेड्यांत म्हातारे आईबापही तपासणीसाठी पुढे येतात. काहींची भेट झाली, काहींची कधीच होणार नाही. ज्यांच्याजवळ तो लाल कागद जपून राहिला त्यांना तोच पहिला धागा ठरतो.

आपल्या उंबऱ्यावर

हे वाचून चीनला नावे ठेवायची घाई करू नका. २०११ साली साताऱ्यात जिल्हा परिषदेने एक कार्यक्रम घेतला. 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींनी त्या दिवशी नवी नावे घेतली. 'चाओदी'मध्ये भावाला हाक तरी होती. 'नकुसा' म्हणजे सरळ नकोशी. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. आपल्याकडे एका मुलाचा दंडक नव्हता. २००५ पासून वडिलांच्या वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच हक्क कायद्याने दिला आहे. तरीही हे आकडे. तेव्हा दोष कुणा सरकारवर ढकलून मोकळे होता येत नाही.

शेवटी कामाच्या चार गोष्टी कात्रण करून ठेवाव्यात.

पहिली. एखाद्या आईला मूल खरोखरच सांभाळता येत नसेल, तर ते कुठे सोडू नये. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे रीतसर स्वाधीन करता येते. नाव गुप्त राहते, आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. त्या मुदतीत आई मूल परत नेऊ शकते.

दुसरी. कुठे सोडलेले बाळ दिसले तर १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांना ताबडतोब कळवावे. चोवीस तासांत बाळ समितीपुढे गेले पाहिजे.

तिसरी. असे मूल दयेपोटीसुद्धा परस्पर घरी ठेवून घेणे किंवा पैसे देऊन घेणे हा गुन्हा आहे. दत्तक हवे असेल तर केंद्र सरकारच्या 'कारा' या संस्थेकडे नाव नोंदवावे. जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षात माहिती मिळते. वेळ लागतो, पण मूल कायद्याने आणि कायमचे आपले होते.

चौथी गोष्ट कायद्याची नाही. पुढच्या बारशाला तुमच्या घरी किंवा भावकीत दुसरी, तिसरी मुलगी पाळण्यात असेल, तर नाव ठेवताना आत्याला सांगा की नाव असे ठेव, जे तिला शाळेच्या हजेरीत मान वर करून ऐकता येईल. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.